हूड पाडायचा कसा, चढवायचा कसा

सातारला आमचं कुशन-हुडाचं दुकान. हूड म्हणजे गाडीचं कापडी छत, आणि तो पाडायचा म्हणजे दुमडून सीटमागं बसवायचा. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक म्हणजे वडापच्या, सीटवारी माणसं भरून नेणाऱ्या जीपा. मागं लोंबकळणारी माणसं हुडाच्या पाइपलाच धरायची, त्यामुळे दर पावसाळ्याआधी कुणाचा ना कुणाचा हूड फाटून यायचाच. जाड कॅनव्हास, जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि वडिलांच्या शिव्या, एवढ्यावर मी शिकलो. आता वडापला बंद टपाच्या गाड्या आल्या आणि जीपचे हूड कमी झाले. त्याऐवजी अधूनमधून एखादी दोन सीटची, बुटकी, कापडी छताची गाडी दारात उभी राहते. पुण्या-मुंबईकडचं कुणीतरी कासला फुलं बघायला आलेलं असतं आणि हूड अर्ध्यात अडकलेला असतो.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानेच तसली गाडी घेतली. जुनी माझ्दा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. ही गाडी जगापुढे आली १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात. हूड पूर्णपणे हाताने चालवायचा. बटण नाही, मोटर नाही. भाचा आला आणि पहिलंच वाक्य, "मामा, जरा जोर लावा की, खालीच जाईना."

तिथंच त्याला थांबवलं. या हुडाला जोर लागत नाही. तो ज्या जागी अडतो तिथं अडण्याचं कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं. सीटबेल्ट अडकलेला असतो, कापडाची घडी बिजागरीत गेलेली असते, एक खटका उघडायचा राहिलेला असतो. पुढचं सगळं हेच सांगण्यासाठी आहे.

आधी नावं

अमेरिकन माणूस व्हिडिओत "हूड" म्हणतो तेव्हा त्याला बॉनेट म्हणायचं असतं. एका पोराने तसला व्हिडिओ बघून मला फोन केला होता, हुडाच्या खाली इंजिन दिसत नाही म्हणून. आपल्याकडे हूड म्हणजे छतच.

हुडाचा सांगाडा लोखंडी पट्ट्यांचा असतो. आडव्या पट्ट्यांना आम्ही कमानी म्हणतो. त्यातली पुढची कमान जाडजूड असते आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर बसते. तिच्यावर खटके असतात. जुन्या गाड्यांना डावीकडे एक आणि उजवीकडे एक, नव्या एमएक्स-५ ला मधोमध एकच. मागची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची असते किंवा खऱ्या काचेची. सीटच्या मागं जी खोल जागा असते, जिथं दुमडलेला हूड जाऊन बसतो, तिला मी हौदा म्हणतो. हौद्याच्या कडेने एक पन्हळ फिरते. तिचं काम पुढं येईलच, आणि तेव्हा नीट वाचा, कारण या गाड्या गंजतात त्या बहुतेक तिथूनच.

तुमची गाडी नेमकी कोणती, हे आधी बघून घ्या. १९६६ च्या आधीच्या एमजी मिजेटला हूड दुमडत नाही. कापड आणि सांगाडा सुटा करून डिकीत ठेवावा लागतो. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही आपली देशी दोन सीटर, फायबरच्या बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची. तिचाही हूड हातानेच चालतो. थारचा कापडी टप म्हणजे वेगळं प्रकरण, त्याला ही रीत जशीच्या तशी लावू नका. गाडीसोबतचं पुस्तक असेल तर ते आधी वाचा. मी सांगतोय ती रीत पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ची आणि तिच्यासारख्या, दोन खटक्यांच्या गाड्यांची.

पाडण्याआधी

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. चालत्या गाडीत हुडाला हात लावायचा नाही, पंधराच्या स्पीडला सुद्धा नाही. पुढची कमान जरा वर उचलली की खाली वारा शिरतो आणि अख्खा सांगाडा मागं फेकला जातो. पट्टी एकदा वाकली की सरळ केली तरी पूर्वीसारखी बसत नाही. पोवई नाक्याला सिग्नलवर थांबलोय तेवढ्यात उरकतो, हेही नको. मागचा रिक्षावाला तुम्हाला शिकू देणार नाही.

वर बघा. हूड अर्ध्यात असताना पुढची कमान गाडीच्या छतापेक्षा बरीच वर जाते. आमच्या शेजारच्या पोर्चला पत्रा आहे, त्या पत्र्याला कमान घासून रंग गेला तेव्हा मला हे सुचलं. झाडाखाली उभे असाल तर फांद्यांकडेही लक्ष द्या.

हूड कोरडा आहे ना, ते हाताने चाचपून बघा. ओला हूड दुमडून ठेवणं म्हणजे ओली छत्री मिटून कपाटात टाकणं. दोन दिवसांत वास, आठवड्यात काळे ठिपके. सातारच्या पावसाळ्यात हवेलाच इतका ओलावा असतो की बुरशीला वेगळं आमंत्रण लागत नाही. नाइलाजाने ओला पाडावाच लागला, तर घरी पोचल्यावर त्याच रात्री पुन्हा चढवा आणि पंख्याखाली किंवा वाऱ्याला वाळू द्या. विसरू नका म्हणून किल्लीला दोरा बांधा, हवं तर.

मग धूळ. मऊ ब्रशने किंवा ओलसर फडक्याने वरून झटका, विशेषतः खाचांतून. ऊस तोडणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या कुठल्याही रस्त्यावर ट्रॉल्यांमागे चार किलोमीटर गेलात की हुडावर मातीचा थर बसतो. तशीच घडी घातली तर माती दोन पदरांमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. कापड घडीच्या रेषेवरच का फाटतं, याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं ऊन.

आता आत बसा. दोन्ही काचा पूर्ण खाली. त्या वर राहिल्या तर हुडाच्या कडेचं रबर काचेवर घासतं, आणि परत चढवताना तर काच नक्की आडवी येते. ऊन अडवायच्या पट्ट्या खटक्यांच्या आड येत असतील तर बाजूला वळवा. दोन्ही सीट थोड्या पुढं सरकवा. सीटबेल्ट पूर्ण गुंडाळले गेलेत ना, ते बघा. आणि हौदा रिकामा करा. पाण्याची बाटली, चार्जर, कंदी पेढ्यांचा पुडा, काहीही तिथं राहता कामा नये. पेढ्यांचं मी उगाच म्हणत नाही.

मागची खिडकी

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला मागची खिडकी प्लास्टिकची आहे आणि तिच्याभोवती चेन आहे. हूड पाडायच्या आधी ती चेन उघडायची आणि खिडकी मागं, सपाट अंथरायची. न उघडता पाडलात तर प्लास्टिक मधोमध दुमडतं. पहिल्यांदा पांढरी रेघ पडते, दहाव्या वेळी चीर. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्याकडे आलेली पहिली अशी गाडी, गिऱ्हाईक चहाला गेलेलं, मला वाटलं जीपसारखंच असेल. खिडकीत हातभर चीर पडली. त्या खिडकीचे पैसे मी घेतले नाहीत, आणि वडिलांनी ती गोष्ट पुढची बरीच वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली.

चेन ओढताना एक हात चेनच्या पुढच्या भागावर ठेवून कापड ताणून धरा, दुसऱ्या हाताने धावता तुकडा सरकवा. कोपऱ्यात अडतो. तिथं मागं-पुढं दोनदा करा, झटका देऊ नका. मेणबत्तीचा तुकडा दातऱ्यांवरून फिरवला की चेन लोण्यासारखी चालते. तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते.

खिडकी अंथरल्यावर तिच्यावर एक मऊ सुती कापड टाका. जुनं धोतर, जुनी ओढणी, काहीही. त्यावर हुडाचे पदर येऊन पडतात, मधे कापड असलं की प्लास्टिकवर ओरखडे येत नाहीत. टॉवेल जाड होतो, पातळच हवं.

थंडीचं एक. प्लास्टिक गारठलं की कडक होतं, आणि कडक प्लास्टिक वाकवलं की तडकतं. डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरला किंवा कासच्या पठारावर, श्वासाची वाफ दिसत असते तेव्हा, हूड पाडायचा मोह फार होतो. नका पाडू. गाडी उन्हात अर्धा तास उभी करा, हाताला प्लास्टिक मऊ लागलं की मग. नाहीतर आतला हीटर चालू करून खिडकी ऊबदार होऊ द्या.

१९९८ नंतरच्या पिढीला मागं खरी काच आहे. ती मोकळी करावी लागत नाही, हुडाबरोबर आपोआप आडवी होते. फक्त काचेवर आणि तिच्याखाली काही कडक वस्तू राहू नये. मधेच कुणीतरी हूड बदलला असेल, तर जुन्या गाडीला काचेची खिडकी आणि नव्याला प्लास्टिकची असंही सापडतं. त्यामुळे वर्ष बघून ठरवू नका, बोटाने टकटक करून ठरवा.

खटके आणि पहिला उचल

दोन खटके, दोन्ही उघडायचे. एमएक्स-५ च्या खटक्यात एक छोटा अडसर असतो, चालत्या गाडीत चुकून उघडू नये म्हणून. तो दाबून धरायचा आणि मग दांडी खाली ओढायची. अडसर न दाबता दांडी ओढली की ती थोडी हलते आणि थांबते, आणि नवशिक्या तिथंच जोर लावतो. भाच्याचं तेच झालं होतं, उजवा खटका उघडा, डावा अर्धवट. तो बाहेरून कमान ढकलत होता आणि डावा कोपरा चौकटीला घट्ट धरून बसला होता. अजून दहा मिनिटं उशिरा आला असता तर हुक वाकला असता.

उघडल्यावर दांड्या परत आत मिटवून ठेवा. लोंबत राहिल्या तर घडी घालताना कापडाला टोचतात.

आता पुढची कमान आतूनच हातभर वर उचला. एवढंच. मग दार उघडून बाहेर या. व्हिडिओत लोक सीटवर बसल्या बसल्या एका हाताने हूड मागं भिरकावतात. नव्या पिढीच्या एमएक्स-५ ला ते जमतं, तशीच बनवली आहे ती. जुनीला हात बसेपर्यंत बाहेर उभं राहूनच करा, आणि पहिल्या चार-पाच वेळा दुसऱ्या माणसाला समोरच्या बाजूला उभं करा. एका कोपऱ्याला धरून ढकललं की सांगाड्याला पीळ बसतो. एकटे असाल तर कमानीच्या मधोमध जितका जवळ हात पोचेल तिथं धरा.

कमान मागं नेताना कापड आपोआप घडी घेतं, पण नीट घेतंच असं नाही. अर्ध्यावर थांबा. सांगाडा तिथं जरा वेळ उभा राहतो. दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या बघा. पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात, आणि त्या कात्रीत कापडाची कड गेली तर ती कुरतडली जाते. कापड बोटांनी बाहेर काढा. बोटं मात्र लगेच बाहेर घ्या, अंगठी असेल तर आधीच काढून ठेवा. कडेची पोरं लांब. त्यांना हा खेळ वाटतो आणि ती नेमकी बिजागरीलाच धरतात.

मग खाली सोडा. सोडा म्हणजे टाकू नका, हाताने धरून वजनाने उतरू द्या. शेवटचं चार बोटं अंतर राहिलं तर दोन्ही तळहात लोखंडी पट्टीच्या वर ठेवून हलकेच दाबा, कापडावर नाही. काही गाड्यांना इथं "टक" असा आवाज येतो, काहींना येत नाही. नाहीच बसला तर वर बसायचं नाही. हो, लोक बसतात. मी बघितलंय, वऱ्हाडाच्या गाडीत बॅग बंद करायला बसतात तसं. त्याऐवजी परत अर्ध्यावर उचला आणि बेल्ट बघा, चेनचा धावता तुकडा बघा, मागची खिडकी सरकून गोळा झाली का ते बघा.

बसल्यावर वरून कव्हर टाकायचं असतं. टिचबटणांचं. पुष्कळ लोक ते डिकीत तसंच ठेवतात, कारण लावायला वेळ लागतो. गावात दोन किलोमीटर जायचं तर मीही आग्रह धरत नाही. पण हायवेला लावा, वाऱ्याने कापडाच्या कडा फडफडत राहतात आणि शिलाई सुटते. टिचबटण काढताना कापड ओढू नका, बटणाच्या अगदी मुळाशी अंगठ्याचं नख घालून सरळ वर उचला. कापड ओढून काढलेली बटणं आधी कापड घेऊनच येतात.

चढवायची रीत

पाडताना चूक झाली तर वेळ असतो. चढवताना बहुधा आभाळ भरलेलं असतं. म्हणून कोरड्या दिवशी, अंगणात, किमान दहा वेळा पाडून-चढवून बघा. आमच्याकडून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालात की खाली ऊन असतं आणि वर धुक्यात पाऊस. सप्टेंबरात, ऐन फुलांच्या दिवसांत तर हमखास. पाचव्या मिनिटाला थेंब पडतो तेव्हा "चेन आधी का खटके आधी" हा प्रश्न पडता कामा नये.

पहिला थेंब पडला की जागा शोधा. घाटात वळणावर नाही, रुंद ठिकाणी, पूर्ण रस्ता सोडून. सीट भिजेल, भिजू द्या, वाळते. वारा असेल तर आडोशाला जा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथं उघड्यावर हूड अर्धा उचलला की तो हूड राहत नाही, शीड होतो.

काचा खाली आहेत ना? कव्हर काढा, घडी घालून डिकीत टाका. हौद्यातून हूड उचलताना मधोमध धरा आणि पुन्हा अर्ध्यावर थांबून बिजागऱ्या बघा. मग पुढं आणा. कमान चौकटीवर आपटू देऊ नका, ती वजनाने शेवटी जोरात येते.

प्लास्टिकच्या खिडकीची चेन इथं लावा, खटके लावायच्या आधी. कापड सैल असतं तेव्हा चेन विनासायास फिरते. खटके लावून ताणल्यावर चेन लावायला गेलात तर दातऱ्या फाकतात, आणि दातऱ्या फाकलेली चेन म्हणजे नवी चेन. पाऊस फारच असेल तर आधी खटके लावून आत बसा, आणि पाऊस थांबल्यावर खटके सैल करून चेन लावा. मागून थोडं पाणी येईल, येऊ दे.

आता आत बसून दोन्ही हुक आपापल्या खोबणीत शिरलेत का ते बोटाने चाचपा. दोन्ही. मगच पहिला खटका अर्धा, दुसरा अर्धा, मग पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर दुसरा हुक खोबणीपासून बोटभर लांब राहतो आणि मग पुन्हा जोर लावायची इच्छा होते. तळहाताच्या दाबाने खटका बंद व्हायला हवा. गुडघा लावावा लागला तर काहीतरी चुकलंय.

एका रविवारी भाच्याचा कासहून फोन आला. पाठीमागे पावसाचा आवाज, "मामा, डावा खटका लागतच नाही."

"काचा खाली घेतल्यास?"

थोडा वेळ शांतता. मग "टक". मग, "लागला."

दारं मिटलेली आणि काचा वर असल्या की आत हवा कोंडते आणि रबरंही एकमेकांवर दाबून बसतात. खटके लागल्यावरच काचा वर घ्या. काचेची वरची कड रबराच्या आत बसली का ते दोन्ही बाजूंनी बघा. बाहेर राहिली तर हायवेला शिट्टी वाजते, आणि पाऊस थेट मांडीवर.

हूड लवकर येत नसेल तर

महिनोन्‌महिने पाडून ठेवलेला हूड आखडतो. कापड घडीतच राहायला शिकतं. पुढची कमान चौकटीपर्यंत आली तरी खटक्याला दोन बोटं कमी पडतात. अशा वेळी हूड हौद्यातून काढून, चौकटीवर नुसता टेकवून, गाडी दुपारच्या उन्हात तासभर ठेवा. सांगलीकडच्या एप्रिलच्या उन्हात तर अर्धा तास पुरे. कापड ऊबदार झालं की ताण घेतं. मग खटके लावा आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्या. नवा हूड बसवला की तोही असाच घट्ट असतो, शिवणाऱ्याला लगेच शिव्या देऊ नका.

म्हणूनच गाडी उभी ठेवायची असेल, घरात का असेना, तर हूड चढवून ठेवा. दुसरं कारण उंदीर. दुमडलेला हूड म्हणजे त्यांना तयार गादी. माझ्याकडे एक गाडी आली होती, घडी उघडली तर आत भुईमुगाच्या शेंगांची टरफलं आणि कुरतडलेल्या अस्तराचा कापूस.

काही खटक्यांचे हुक आट्यांवर असतात, फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. हूड सैल वाटला तर अर्धा आटा, दोन्ही बाजूंना सारखाच. एकदम तीन आटे फिरवून खटका मोडणारे महाभाग असतात.

पन्हळ

हुडावरून मागं ओघळणारं पाणी बाहेर पडत नाही, ते हौद्याच्या कडेच्या पन्हळीत उतरतं. तिथून एमएक्स-५ मध्ये ते सीटच्या मागं, बेल्टच्या दोन्ही अंगांच्या कोपऱ्यांतल्या भोकांत जातं आणि मागच्या चाकांच्या थोडं पुढं, गाडीखाली गळतं. भोकं बुजली की पाणी आत, गालिच्याखाली, आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं. वरून गाडी चकाचक, खालून पत्रा पापडासारखा. वास यायला लागला की उशीर झालेला असतो.

बुजतात कशाने? आमच्याकडे गुलमोहर आणि चिंच. या दोन्ही झाडांची बारीक पानं म्हणजे खास या भोकांच्या मापाने बनवल्यासारखी. सावली बघून गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याला मी आधी हौदा उघडायला लावतो.

पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, वर्षातून दोनदा, हूड अर्धा उचलून त्या कोपऱ्यांत बघा. हाताने येईल तेवढा कचरा काढा. मग गवत कापायच्या मशीनला लागते तसली नायलॉनची जाड, लवचिक दोरी भोकात हळूहळू सरकवा. लोखंडी तार नको, आत नळी असते तिला भोक पडेल. नंतर एक फुलपात्र पाणी ओता आणि वाकून चाकापुढं बघा. धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडलं तर अजून अडलंय. काहीच पडलं नाही तर पाणी ओतायचं थांबवा, ते आत चाललंय.

धुणं-पुसणं

वॉशिंग सेंटरवर गाडी दिलीत तर आधीच सांगा, हुडावर प्रेशरचा पाइप नको. शिलाईतून पाणी आत घुसतं आणि कॅनव्हासचे तंतू फुगून उभे राहतात. बादली, साधा पातळ साबण, मऊ ब्रश, आणि वरून भरपूर साधं पाणी. पेट्रोल, थिनर, रॉकेल लावलेलं फडकं, यातलं काहीही जवळ आणू नका. जीपचा हूड रॉकेलने पुसणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका.

रेक्झिनचा हूड असेल तर तो पाणी पीत नाही, फक्त उन्हाने कडक होतो, म्हणून सावली महत्त्वाची. कापडी कॅनव्हास पाणी पितो. पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळायचे थांबले आणि डाग पसरायला लागले की पाणी न धरणारा द्रव मिळतो तो लावा, पूर्ण वाळलेल्या कापडावर. जांभळाखाली गाडी लावली आणि पाखरांनी सही केली तर ती ओली असतानाच धुवा.

प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने कधी पुसायची नाही. आधी पाणी सोडून धूळ वाहू द्या, मग ओलं सुती फडकं. वर्तमानपत्राने काच चकाकते म्हणून लोक प्लास्टिकवरही घासतात आणि मग मागचं काही दिसत नाही म्हणून माझ्याकडे येतात.

रबरांना सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून तो फिरवा. ग्रीस आणि तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बिजागऱ्यांना मात्र तेलाचा एकेक थेंब, आणि उरलेलं लगेच पुसून टाकायचं, नाहीतर कापडावर डाग.

बादलीची परीक्षा

हूड नीट बसलाय का हे पावसात कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. हूड चढवा, काचा वर घ्या, एका माणसाला टॉर्च देऊन आत बसवा. बाहेरून झारीने किंवा तांब्याने पाणी सोडा, आधी मागच्या शिलाईवर, मग बाजूला, शेवटी पुढच्या कमानीवर. एकेक जागा, मधे थांबत. सगळीकडे एकदम ओतलं तर कुठून आलं ते कळत नाही. आतल्या माणसाने फक्त बघायचं आणि बोटाने जागा दाखवायची.

भाच्याच्या गाडीत माझी बहीण आत बसली, कारण पोराची गाडी म्हणून तिला हौस. मागची शिलाई कोरडी. बाजू कोरड्या. पुढच्या कमानीवर तांब्या ओतला तेव्हा डाव्या कोपऱ्यातून, काचेच्या वरच्या टोकाशी, एक बारीक धार आली. त्या बाजूचा हुक जरा सैल होता, उजवाही तपासला तर तसाच. दोन्हीकडे अर्धा अर्धा आटा दिला. दुसरा तांब्या कोरडा गेला. तिसरा भाच्याने उगाच हौस म्हणून ओतला, तेव्हा बहिणीने वारा यावा म्हणून काच खाली घेतली होती.